माजी सैनिक कक्षातला खारा चहा

पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते म्हणून आम्ही बडोद्याचे, नाहीतर मूळ साताऱ्याकडचे. वडील रेल्वेत गेले आणि मी परत फौजेत, सुभेदार होऊन सुटलो, इथल्याच समा भागातल्या सोसायटीत घर घेतलं. बोलताना मध्येच गुजराती येईल माझ्या, ते तसंच राहू द्या, नीटनेटकं करू नका.

पेन्शनीत आल्यावर एका कारखान्याच्या गेटवर बरीच वर्षं सिक्युरिटीत उभा राहिलो. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा युनिव्हर्सिटीतल्या माजी सैनिक कक्षात बसाल का म्हणून विचारणं आलं. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि खिडकीपलीकडे कपिलाबेनचं कॅन्टीन. चाळिशीला सुटलेले जवान शिकायला येतात, त्यांना प्रवेश, हजेरी, कुठला वर्ग कुठं ते सांगायचं. काय सांगू तुम्हाला, जवान वर्गात बसला की मजाच असते, सर आत आले की हा ताडकन उभा, बस म्हटल्याशिवाय बसत नाही. एका पोरीनं तर विचारलं, अंकल, इन्स्पेक्शनला आलात का?

तसाच आमचा गणपत जाधव, मांजलपूरचा, नायक या माझ्याहून खालच्या हुद्द्यावरून सुटलेला, बी.कॉम.ला बसला होता. पहिल्याच परीक्षेत अकाउंट्समध्ये आपटला. माझ्याकडे येऊन म्हणाला, साहेब, माझ्यानं होत नाही, सोडतो. आता सगळे सांगतात की सुभेदारसाहेबांनी त्याला धीर दिला, वार्षिक समारंभात मला शालसुद्धा घातली, आणि मी ती घेतली. ते खोटं आहे, लिहून घ्या. मी त्याला म्हणालो, सोड, तुझ्यासाठी गेटवर जागा बघून ठेवतो, आणि खरंच फोन केला. कारण काय, तर आतून मला बोचत होतं. मी सुभेदार असून गेटवर उभा राहिलो आणि हा नायक खुर्चीवर बसणार? काळजीचं नाव दिलं मी त्याला, पण काळजी नव्हती ती.

त्याला थांबवलं कपिलाबेननं. झालं असं, त्या दिवशी तिच्या नव्या माणसानं साखरेच्या जागी मीठ टाकलं. पोरांनी थू थू करून कप परत केले, पण गणपत आणि त्याच्याबरोबरचे दोन फौजी गटागटा पिऊन गेले. बेननं विचारलं, भाई, चा केवी हती? तिघं एका आवाजात म्हणाले, फर्स्ट क्लास! बेन कमरेवर हात ठेवून माझ्या खिडकीत आली, म्हणाली, अरे काका, जे लोक मिठाचा चहा फर्स्ट क्लास म्हणतात, ते सरांना काय सांगणार समजलं नाही म्हणून?

बेनचं खरं होतं. फौजेत उस्तादानं विचारलं समझे, की जी साब, समजो न समजो. आम्हीच शिकवलं होतं ते.

बेननं हुकूम काढला, रोज खिडकीशी मोठ्यानं सर, नाही समजलं म्हणायचं, तरच चहा. पहिल्या दिवशी गणपतचं तोंडच उघडेना, कानापर्यंत लाल. बेन म्हणाली, आटलो मोटो माणस, बोल ने! चौथ्या की पाचव्या दिवशी वर्गात बोलला. सर खूश, म्हणाले, अहो, मला वाटायचं तुम्हाला सगळं येतं. पुढच्या परीक्षेत पास. गेटवाल्यांना मी दुसरा माणूस दिला.

परवा निकाल लागला, गणपत पदवीधर झाला. पेढे घेऊन आला, पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला धरलं आणि गेटचं, फोनचं, आतल्या बोचण्याचं सगळं सांगून टाकलं. कपिलाबेन खिडकीत ऐकत होती.  मला वाटलं, गणपत आता म्हणेल, जाऊ द्या साहेब, असू द्या साहेब. तर सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, हे तुम्ही फार चुकीचं केलंत, मला राग आला आहे. आणि मग पेढ्याचा खोका माझ्यासमोरून उचलून पहिल्यांदा बेनकडे नेला.

सुभेदाराला नायक असं तोंडावर बोलला! काय सांगू, शालीपेक्षा जास्त ऊब आली मला. दुसरा पेढा माझ्या हातावर ठेवलान्, राग होता तरी. सुखी राहो तो, आणि असाच बोलत राहो.