यूसुफनं कुणालाच कापलं न्हाय

मंडळींनो, आयाबायांनो, बसा. मी खोटं बोलणार न्हाय. यूसुफची पोरगी रुबिना समोर बसलीय, तिच्यादेखत सांगतो.

यूसुफचा पिक्चर भिकार हुता. व्हय, भिकार! मघापासनं जो उठतोय त्यो त्याला मोठा कलाकार म्हणतोय, म्हणून बोलावं लागतंय. लग्नाची शूटिंग करणारा माणूस त्यो. त्याच क्यामेऱ्यावर आपल्या बावड्यात पिक्चर काढला. नवरदेव म्हशीला हार घालतो, सरपंच फवारणीच्या पंपावर बसून उडतो, आन् सासरा मरतो. सासरा यूसुफ स्वता. तिरडीवर पडलाय, बायका रडत्यात, आन् मढं पाय खाजवतंय! मुंग्या चावल्या हुत्या.

मी म्हणलं, "आरं, तेवढं काप की."

म्हणला, "तात्या, लग्नाच्या शूटिंगमधनं कुणाचा मामा कापला की मामा रुसतो. आपल्याकडं कापायची पद्धतच न्हाय."

झालं! जो क्यामेऱ्यापुढं आला, त्यो ऱ्हायला. तीन तासाचं वऱ्हाड नुसतं. पैल्या खेळाला तुमीच खुर्च्या फेकल्या. ओ बावडेकर, आता माना खाली का घालताय? आन् मोबाईलवर आल्यावर? इंदापूर, डाळज, पार बारामतीपतुर पोरं मढ्याचं खाजवणं लावून लोळत्यात. पन्नास येळा बघत्यात. काय हाय त्यात? ना गोष्ट, ना काम. आपल्यापेक्षा येडं कुणीतरी पडद्यावर दिसतंय, एवढंच सुख! मी जत्रेच्या नाटकात तीस वर्षं राजा केला, बायाबापड्यांना रडवलं. मला कुत्रं वळखत न्हाय. आन् त्या खाजवणाऱ्याबरोबर फोटो काढायला पिंपळीवरनं माणसं यायची. थू असल्या आवडीवर!

मलाबी घेतलं हुतं त्यात. राजाचा डरेस, मोठं भाषण. नेमकी मिशी सुटली आन् तोंडात गेली. मी थुकत थुकत बोलत ऱ्हायलो. सगळी हसून आडवी. मी भडकलो. म्हणलं, "यूसुफ, हे कापलं न्हाईस तर तुज्या दारात पाय ठेवणार न्हाय."

त्यानं कापलं. सगळ्या पिक्चरमधी कापलेला माणूस मी एकटा.

दर ईदला शीरखुर्मा प्यायला गेलो की इचारायचा, "तात्या, त्यो कापलेला तुकडा लावू का परत?" ह्या ईदलाबी इचारलं. मी म्हणलं, "मी मेल्यावर लाव."

परवा जनाजा उचलायच्या आधी त्याच्या पायापाशी उभा हुतो. नजर पायावरच. लेकाचा हलला न्हाय.

काल घरी बसून पिक्चर बघितला. पैल्यांदाच आख्खा बघितला. पंगतीत वाढताना माजी थोरली वैनी दिसली, पदर तोंडाला लावून हसतीय. वैनी जाऊन किती वर्षं झाली! पिक्चर अजून भिकारच हाय. पण सगळं गाव हाय त्यात. गेलेलीबी हायत. मीच न्हाय. कितींदा म्हणला बिचारा, लावू का, लावू का. नुसतं व्हय म्हणायचं हुतं मला.

उठा आता. यूसुफसाठी दोन मिनिटं गप उभं ऱ्हावा. आन् मधीच कुणाचा पाय खाजला, तर खुशाल खाजवा. त्यानं ते कापलं नसतं.