वस्तीच्या तोंडावरची पाटी

एनेइदा : नाही यादित, माझा विल्फ्रान आईला ओळखतो. गुंगीत माणूस काहीही बरळतो.

यादित : मावशी, तो जागा होता. मीच त्याची उशी सारखी करत होते. तुम्ही मक्याच्या बोयोचा घास पुढे केलात, तर म्हणाला, "नको, बाई."

एनेइदा : तुम्ही नर्सांनीच काहीतरी औषध दिलं असेल.

यादित : गुंगीचं औषध कधीच बंद केलंय.

एनेइदा : हे बघ, त्याचं हेल्मेट. दारावरच्या शिपायाने दिलं मघाशी. साधा ओरखडा नाही गं त्याला!

यादित : कसा असेल? कोपरात अडकवलेलं होतं. वस्तीच्या तोंडाशी, तुमच्या पाटीखाली थांबून काढलं त्याने. पुढच्याच वळणावर केळ्यांची गाढवगाडी आडवी आली.

एनेइदा : माझी कसली? पाटी वस्तीची आहे.

यादित : "हेल्मेट काढून आत या, नाहीतर गोळी खा." अक्षर तुमचंच की. शाळेत फळ्यावरच्या याच अक्षरावरून मी लिहायला शिकले.

एनेइदा : मग माझा नवराही आठवत असेल तुला. दारात डोमिनो खेळत बसला होता. मोटरसायकलवरून दोघं आले, डोक्यावर काळी हेल्मेटं, काचा खाली. नंतर पोलीस विचारतात, चेहरे कसे होते? काय सांगू? काचेत मला मीच दिसत होते.

यादित : आठवतंय, मावशी. पाटी लावताना माझीच आई शिडी धरून उभी होती.

एनेइदा : त्यानंतर वस्तीत एकाला तरी गोळी लागली? सांग ना.

यादित : नाही लागली. पण इथल्या खाटांवर कोण पडलंय, तेही बघा.

एनेइदा : तुझ्या मोठ्या डॉक्टरांचं तेच पालुपद. हेल्मेट घाला, सरकारचा खर्च वाचेल. माझा नवरा गेला तेव्हा कुठे होतं हे सरकार? त्याचे पैसे मी कशाला वाचवू?

यादित : सरकार गेलं खड्ड्यात! तुमच्या गल्लीतली ओतिलिया आजी आत खुबा मोडून पडलीये. तिचं ऑपरेशन सारखं पुढे जातंय. ऑपरेशनची खोली एकच, आणि दर वेळी कुणाचं तरी फुटलेलं डोकं आधी आत न्यावं लागतं. मागच्या खेपेला ते विल्फ्रानचं होतं. खर्च म्हणतात तो हाच, मावशी. तो ती म्हातारी भरतेय.

एनेइदा : मला बोलली नाही कधी. रोज विचारते, पोरगा कसा आहे.

यादित : पुलापलीकडच्या गावात सगळे हेल्मेट घालतात. पडायचे ते तेही पडतात. पण हात-पाय मोडून येतात आणि कुबड्या घेऊन घरी जातात. आपल्या वस्तीतला आला, की खाट सोडत नाही.

एनेइदा : आणि पाटी उतरवल्यावर पुन्हा कुणी काचेआडून आलं तर? शब्द देतेस?

यादित : नाही देत. कसा देऊ? पण काच वर करा, चेहरा दाखवा, एवढंच लिहा ना. डोकं कशाला उघडं करायला लावता?

(एनेइदा खिडकीतून वॉर्डात बघत राहते.)

एनेइदा : मला चेहरा बघायचा होता गं. आणि मी डोकं मागून बसले.

यादित : मावशी, असं नका बोलू.

एनेइदा : अख्खी वस्ती ओळखते त्याला. त्याला कोण अडवणार होतं? कशाला थांबला तो तिथे?

यादित : आईचा नियम होता ना.

एनेइदा : तुझी पाळी संपली असेल तर मला घरी सोड. वाटेत रंगाच्या दुकानाशी थांब.

(दोघी बाहेर यादितच्या मोटरसायकलपाशी येतात.)

यादित : बसा मागे. अहो, विल्फ्रानचं हेल्मेट तुम्ही घालताय?

एनेइदा : पट्टा बांध जरा.

यादित : पाटीपाशी पहाऱ्याची पोरं अडवतील आपल्याला.

एनेइदा : अडवू देत. काच वर करून सांगेन, मी विल्फ्रानची आई आहे.