फोटो गेले, चोर गेला नाही

हॅलो? … ताई! अगं तुलाच लावणार होते! … हो, हो, दवाखान्यातच आहे, बाहेरच्या बाकावर. ढमी मांडीवर… नाही, उतरली खाली, आता माझ्या चपलेशी भांडतेय.

अगं ऐक ना… आला रिपोर्ट! … निगेटिव्ह! निगेटिव्ह गं! ढमी दीड वर्षाची झाली की शेवटची तपासणी असते ना, तीच. संपलं! तुझ्या भाचीला एचआयव्ही नाही!

… ताई? … हॅलो? काय म्हणालीस?

… चुकला असेल? कसा चुकेल? नाव बघितलं, वय बघितलं, डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं. त्या म्हणाल्या, 'आता चौथ्यांदा विचारलंत तर तुमचंच डोकं तपासेन.' … अगं, माझ्या रक्तात आहे म्हणून तिच्यातही असलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

… काय? … थांब, थांब. पुन्हा बोल. कुठे नेलं होतंस तिला?

… मी परीक्षेला गेले होते, ती तुझ्याकडे होती, तेव्हा? … कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये? मला न विचारता? … ताई, मुलगी माझी आहे गं! बोटाला टोचून घेतलंस तिच्या, आणि मला म्हणालीस पिन लागली!

… पॉझिटिव्ह? … आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

… रडू नकोस. नाही, रड हवं तर, पण ऐक. तो रिपोर्ट खोटा नव्हता. … अगं नव्हता खोटा! तू त्याचा अर्थ भलताच घेतलास.

कसं सांगू… हं. तू शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेस ना? … आहे संबंध, जरा दम धर. शरीरातही सुपरवायझर असतात. पांढऱ्या पेशी, सीडी-फोर म्हणतात त्यांना. बाहेरून जंतू आला की कोणी काय करायचं ते ह्या सांगतात. आणि हा मेला विषाणू थेट सुपरवायझरच्याच केबिनमध्ये शिरतो! … हो ना, त्याची किल्ली नेमकी त्याच दाराला बसते. आत गेला की स्वतःचा कागदी नमुना तुझ्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात घुसडतो. … बरोब्बर! मशिनं चालू, पण शिवून काय निघतंय? त्याच्याच प्रती! ढीगच्या ढीग. त्या पुढच्या केबिनकडे जातात, आणि सुपरवायझर एकेक करून संपतात. … मग काय, कारागीर बसलेत पण सांगणारं कोणी नाही. एरवी जे सहज हुसकून लावले असते, ते जंतू येतात आणि ठाण मांडतात. विषाणू राखणच मोडून टाकतो गं, मग बाकीच्यांना रान मोकळं.

… माझं? माझी गोळी त्याला नमुना उतरवूच देत नाही. … रोज घ्यायची. घुसडलेले जुने नमुने तिथेच झोपलेले असतात, गोळी सोडली की उठलेच. पण गरोदरपणापासूनच रक्तात तो सापडत नाही, इतका कमी झालाय. म्हणून तर ढमीपर्यंत पोचला नाही!

… तेच सांगतेय! तुझ्या त्या लॅबनं विषाणू शोधलाच नव्हता. त्याच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं, त्या शोधल्या. म्हणजे बघ… चोर आला म्हणून माझ्या शरीरानं चोराचे फोटो छापले आणि भिंतीभिंतीवर डकवले. ढमी पोटात होती, तिलाही ते फोटो वाटून दिले. आईकडून बाळाला जातातच ते, वर्ष-दीड वर्ष राहतात. फोटो गेले, चोर गेला नाही! लॅबवाल्यानं भिंतीवरचा फोटो बघितला आणि चोर घरात आहे म्हणून मोकळा झाला. … हसलीस! हसलीस ना? … आता ते फोटोही गळून पडले. आणि जन्मल्यावर खुद्द चोराचीच झडती घेतली होती तिच्या रक्तात. तेव्हाही नव्हता.

… म्हणून ढमीच्या पहिल्या वाढदिवसाला आली नाहीस? … मला वाटलं, तुला आमची किळस येते. … खरंच वाटलं, ताई. तू तुझ्या गोट्याला आमच्याकडे खेळायला पाठवेनाशी झालीस, ढमीला उचलेनाशी झालीस. मी लांबून बघत होते सगळं, विचारायचं धाडस होईना… काय?

… तिला घेतलं की रडू फुटायचं म्हणून? … आणि माझ्यासमोर रडलीस तर मला कळेल म्हणून?

… अगं वेडे. एवढे महिने एकटी घेऊन बसलीस? मला विचारायचंस की! दोन मिनिटांची गोष्ट होती.

… हो, रागावलेय. चिक्कार. मला न सांगता पुन्हा तिच्या बोटाला हात लावलास तर बघ. … नाही, बाकीचा राग समोर आल्यावर.

ढमे, नको! काकांचं पाकीट आहे ते, दे परत… सॉरी हं काका… नाही गं, तुला नाही सॉरी. तुला कशाला!

… आण की गोट्यालाही. … एका ग्लासातून प्याले तरी काही होत नाही. आधीही होत नव्हतं, मी कधीची सांगत होते. … पापा? घे की! दहा घे! मग माझाही घे, माझ्यानंही काही होत नाही.

… आत्ता? आणि कारखाना? … अर्धी रजा? मग निघ ना! … हो… हो… ती माफी समोर बसून माग, फोनवर नको. … नाही, मीच ठेवते फोन. तू काही ठेवायची नाहीस, आणि बोलतच बसलीस तर तिला उचलून घ्यायला येणार कधी?