शांततेचे दोन तास

सूर्यभान : दोन तास म्हणायलात सर, पण ते आभाळ बघा की. येलदरीकडून काळंकुट्ट व्हायलंय.

(जिंतूरजवळच्या माळावरचा बांध, दुपार. अलीकडे तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले अध्यापक दत्तराव आणि त्यांची संशोधक मुलगी राजनंदिनी. पलीकडे सोयाबीनच्या गंजीपाशी शेजारी सूर्यभान. त्याच्यामागे बंद मळणीयंत्र.)

दत्तराव : पाहिलं. तरीही विनंती तीच आहे. आम्ही खडकावर ठेवलेलं यंत्र जमिनीची बारीकातली बारीक थरथर टिपतं. तुमची मळणी सुरू झाली, की सकाळपासूनची चाचणी वाया गेली.

सूर्यभान : अन् माझी गंजी भिजली तर? मशीनवाला म्हणायलाय, आता लावा न्हाईतर मी चाललो.

राजनंदिनी : काका, ताडपत्री टाकू. मी हात लावते.

सूर्यभान : मागल्या साली ताडपत्रीखालीच कोंब फुटले, बाई. तुजं उद्या कर की.

राजनंदिनी : उद्या सकाळी यंत्र गोव्याला निघायला हवं. तिथून आमचं जहाज दक्षिण ध्रुवाकडं जातंय. ते चुकलं तर एक वर्ष गेलं.

सूर्यभान : तिथं काय ऐकायचंय त्याला?

राजनंदिनी : बर्फाच्या पोटातलं. बर्फ वितळून पाणी खाली साचलं, की त्यातून जाणारी कंपनं मंदावतात. किती मंदावली, त्यावरून किती वितळलं ते कळतं.

दत्तराव : मात्र यंत्राची स्वतःची खरखर आधी मोजलेली हवी. नाहीतर तीही बर्फाच्या नावावर जमा होईल.

सूर्यभान : बरं, बसलो गप. अन् पाऊस आला मग? थेंबाची थरथर लागत न्हाई का त्याला?

दत्तराव : लागते.

सूर्यभान : मंजी पाऊस आला तर तुमचंबी गेलं अन् माझंबी.

दत्तराव : पाऊस येईलच, असं गृहीत धरण्याचं कारण नाही.

राजनंदिनी : बाबा, मातीचा वास यायला लागलाय.

दत्तराव : राजू, हे यंत्र तू स्वतः जुळवलंस. घाई करू नकोस.

राजनंदिनी : काका, मशीन लावा.

सूर्यभान : बघ बरं, पोरी. मागून मला बोल लावशील.

राजनंदिनी : लावा.

दत्तराव : आणि गोव्याला काय कळवायचं?

राजनंदिनी : चाचणी अपुरी राहिली. यंत्र येत नाही.

दत्तराव : शेवटचे दोनच तास राहिले होते. तेवढं कोणाच्या ध्यानात येणार आहे?

राजनंदिनी : माझ्या. पोती कुठं ठेवलीत, काका?