चिठ्ठीत नाव न टाकणारा माणूस

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या तेल मिलचे मालक आदरणीय डोंगरसिंगजी, मंचावरील पाहुणे, आज आपला निरोप घेणारे अब्रारभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आई हुस्नाबी, आणि लोहाऱ्याच्या उन्हात पाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझ्याआधी चौघे बोलले. चौघांनीही अब्रारचं नशीब उघडलं असं सांगितलं. मला त्या शब्दाची शिसारी आली. माफ करा, पण आली.

वणीच्या कारखान्यात अब्रार बॉयलर अटेंडंट म्हणून रुजू होतोय. नशीब कुठे होतं यात? पॅकिंगच्या पंख्याखालची जागा सोडून त्याने बॉयलरवर हेल्पर म्हणून बदली मागितली, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? तीन वर्षं तो बाबूसिंगकाकांच्या हाताखाली राख उपसत होता. काका शिव्या देत शिकवत. जेवणाच्या सुट्टीतही हा बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे बघत बसे. आपला भीमराज त्याला म्हणायचा, "काहून बे, बिर्याणी शिजून राह्यली का तिथं?" आपण सगळे हसायचो. मीही हसलोय.

आता माझ्याबद्दल, म्हणजे तुमच्या मॅनेजरबद्दल. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की कायम नोकरीची एक चिठ्ठी निघते. स्टीलच्या डब्यात रोजंदारीवाल्यांची नावं, आणि हजर असेल त्याचंच नाव डब्यात. ही पद्धत माझी. पूर्वी जागा नातेवाइकांना जायच्या, तक्रारी व्हायच्या. मला वाटलं, चिठ्ठीइतकं निष्पक्ष काय असेल? पंधरा वर्षं मीच त्या लिहितो, सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या. काल माझी जुनी डायरी काढली. दर दसऱ्याला एकच वाक्य: "सोडत निर्दोष पार पडली." वाचताना स्वतःचीच किळस आली. कुणाला काय येतं हे विचारायचं टाळण्याची सोय होती ती, आणि मी तिला न्याय म्हणत होतो.

मागच्या वर्षी अब्रारची नागपूरची बॉयलर अटेंडंटची परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. आदल्या दिवशीच, म्हणजे दसऱ्यालाच, निघावं लागणार होतं. आधीच्या खेपेला तो नापास झाला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि वडीलकीने समजावलं की परीक्षा पुन्हा देता येईल, यंदा नावं कमी आहेत, थांब. तो म्हणाला, "साहेब, चिठ्ठी निघाली तं नोकरी भेटन. काम थोडीच येनार हाय मले?"

मी रागावलो. त्याच्या नावाची चिठ्ठी मी नियमाप्रमाणे बाजूला काढली, आणि नियम पाळल्याचं समाधानही मानलं. तो पास झाला. मिलने त्याला अभिनंदनाचा कागदसुद्धा दिला नाही. आज हार घालतोय, कारण तो चाललाय.

भीमराज, तू मागे उभा आहेस, दिसतोयस मला. चौदा वर्षं तुझं नाव डब्यात पडतंय. दरवर्षी "यंदा माहीच चिठ्ठी" म्हणतोस आणि मी मान हलवतो. तुला काय येतं, काय शिकावंसं वाटतं, हे मी एकदाही विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. आता सर्वांसमोर उत्तर देऊ नकोस. उद्या सकाळी ऑफिसात ये, बाबूसिंगकाकांनाही बोलावतो.

अध्यक्षमहाराज, आपल्याला आधी न विचारता जाहीरपणे सांगतोय, हे शिष्टाचाराला धरून नाही. यंदाच्या दसऱ्याला चिठ्ठ्या मी लिहिणार नाही. त्याबद्दल काय ते आपण ठरवा.

हुस्नाबी, मुलाच्या कौतुकाच्या दिवशी मी माझंच गाऱ्हाणं घेऊन बसलो, तेवढं पोटात घाला. अब्रारभाई, मी थांब म्हणालो तेव्हा तुम्ही थांबला नाहीत, त्यासाठी मनापासून आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत. बोलण्यात तोल गेला असेल तर लहान मानून क्षमा करावी.