कागदावर पाडलेले घर

पुरवणी जबाब
अकस्मात मृत्यू चौकशीकामी. शुक्रवार, दि. २६/०९/२०२५, सकाळी ११.१५ वा.

नाव गिरिजाबाई भ्र. तातेराव हिवाळे, वय ५४ वर्षे, धंदा मजुरी, जात बौद्ध, रा. मौजे सावरखुंटा, बौद्धवाडा, ता. जाफराबाद, जि. जालना. मोबाईल नंबर विचारला असता, मोबाईल मालकाजवळ, म्हणजे पतीजवळ, असतो आणि त्यांना मी इथे आल्याचे माहीत नाही, म्हणून नंबर देत नाही.

मला ठाण्यात कोणी बोलावले नाही. आज सकाळच्या जीपने मी एकटी आले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती झाली ती मागच्या जबाबाच्या वेळी झाली, आणि तीसुद्धा कोणी हात धरून केली नाही. मी समक्ष सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी पती तातेराव, मुलगा राजानंद, सून आणि दोन वर्षांची नात यांच्यासह राहते. मुलगा नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामावर हमालीला आहे, आठवड्याने घरी येतो. आमचे राहते घर शासनाच्या घरकुल योजनेतून बांधलेले आहे. दोन खोल्या, वर स्लॅब. मयत सोनूबाई भ्र. पुंजाराम बोर्डे, वय ६८, या आमच्या वाड्यात वरच्या टेकाडावर राहत होत्या. नात्याने कोणी नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना सोनूआक्का म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. पती पुंजाराम भाऊ, वय ७५, डोळ्यांनी कमी दिसते. दोघे मिळून त्या घरात राहत.

मंगळवार दि. २३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ओट्यावर भांडी घासत होते. पाच दिवसांपासून पावसाची झड लागलेली होती, त्या सकाळी तेवढी उघडीप होती. टेकाडाकडून मोठा आवाज झाला. मी हात न धुता पळाले. सोनूआक्काच्या घराची मागची भिंत आडव्या लाकडासह आत पडलेली होती. पुंजाराम भाऊ दारात पडलेले, त्यांचा पाय दगडाखाली. आक्का चुलीजवळ होत्या. चुलीवर पातेले होते. लोकांनी माती काढेपर्यंत अर्धा तास गेला. बाहेर काढले तेव्हा त्या वारलेल्या होत्या.

त्या दिवशी संध्याकाळी आपण गावात पंचनाम्याला आले तेव्हा मी असा जबाब दिला होता की, पडलेले बांधकाम हा जनावरांचा गोठा असून मयत ही शेळी बांधण्यासाठी आत गेली असता भिंत पडली. तो जबाब खोटा आहे. सोनूआक्काकडे शेळी नव्हती. चार वर्षांपूर्वी होती, ती विकली. साहेब, गोठ्यात कोणी चूल मांडते का? पंचांनी ती चूल पाहिली. आपणही पाहिली. कोणी विचारले नाही आणि मीही बोलले नाही.

खोटे का सांगितले, असे विचारल्यावरून सांगते. ते समजायला सात वर्षे मागे जावे लागेल. आपल्याला घाई असेल तर मी बाहेर बाकावर बसते, पण अर्धे लिहून घेऊ नका.

सन २०१८ मध्ये दिवाळीनंतर गावात घरकुलाची पाहणी लागली. ज्यांना पक्के घर नाही त्यांची नावे मोबाईलमध्ये भरायची, जुन्या घरापुढे उभे करून जागेच्या नोंदीसह फोटो काढायचा, आणि मग गावाला जसजसे टार्गेट येईल तसतसे यादीतून घर द्यायचे, असे आम्हाला सांगितले होते. फोटो काढायचे काम गावातला रोजगार सेवक भुजंग बोर्डे याच्याकडे होते. आमच्या वाड्यात मोबाईलला रेंज नाही. रेंज फक्त टेकाडावर, सोनूआक्काच्या अंगणात येते. आजही कोणाला फोन लावायचा तर लोक तिथेच जातात.

शिवाय वाड्यात अशी बोलवा उठली होती की फोटोत घर नीट दिसले तर नाव कटते. माझे तेव्हाचे घर पत्र्याचे होते, ओढ्याकाठी. पण मी मेली हौशी, दसऱ्याला भिंतींना चुना मारलेला. मी रडकुंडीला आले. तेव्हा सोनूआक्काच बोलल्या, "अगं रडती कशाला? माझ्या घरापुढं उभी राह्य. हे घर बघून कोन्हाला बी दया येईल. फोटो काढल्यानं घर काय झिजत न्हाई."

मंग काय, एकीचे बघून दुसरी. त्या दिवशी आम्ही नऊ घरच्या बायका आक्काच्या अंगणात जमलो. कोणी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, कोणी जुने लुगडे नेसून आली. हसून हसून पोट दुखले. भुजंगने डोके चालवले. कोणाचा फोटो पुढून, कोणाचा मागच्या भिंतीकडून, कोणाचा पडक्या कोपऱ्याकडून. घर एक, मोबाईलमध्ये नऊ झाली. सगळ्यात पहिला पुढच्या दारातला फोटो माझा. आक्काने सगळ्यांना चहा केला, बिनदुधाचा, गूळ घालून.

भुजंग म्हणाला, "आक्का, तुमचा बी काढून घेऊ आधी, घर तुमचं हाय." आक्का म्हणाल्या, "आधी पाहुणे, मंग घरचे. माझं घर कुठं पळून चाललंय?" आमच्याकडे रीतच आहे ती. आपल्या दारात आलेल्याचे झाल्याशिवाय घरच्या बाईने पानावर बसायचे नाही. आक्काची पाळी आली तेव्हा भुजंगच्या मोबाईलची बॅटरी संपली. तो म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावचे काम दिले. नंतर पाहणीची मुदत संपली. नऊ जणींची नावे यादीत लागली, आक्काचे लागले नाही. यात भुजंगची लबाडी होती असे माझे म्हणणे नाही. तो विसरला. आम्हीही त्याला आठवण केली नाही.

सन २०२१ मध्ये गावाला चौदा घरांचे टार्गेट आले, त्यात माझे नाव होते. पैसे हप्त्याने येतात. जोत्याचा फोटो, भिंतींचा फोटो, स्लॅबचा फोटो, असे टप्प्याने. माझे नवे घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, आमच्या जागेत बांधले. फोटोतल्या जुन्या घराचे काय, असे ऑफिसातून विचारले गेले, तेव्हा एक छापील कागद भरून द्यायचा होता. त्यात लिहिलेले होते की फोटोतले जुने कच्चे घर मी स्वतः पाडले असून आता त्या जागेवर कोणतेही घर नाही. तो मला वाचून दाखवला होता. मला कळले नाही असे मी म्हणणार नाही. मी अंगठा दिला. मालक म्हणाले, "कागदच हाय, कागदानं काय भिंत पडती?"

माझे स्वतःचे खरे जुने घर आजही उभे आहे. त्यात मी दोन शेळ्या बांधते. म्हणजे गोठा आहे तो आमचा आहे. तपासणी करायची तर ओढ्याकाठी यावे, चुना अजून दिसतो.

या वर्षी उन्हाळ्यात घरकुलाची नवी पाहणी झाली. भुजंगने आठवणीने सगळ्यात आधी सोनूआक्काचा फोटो काढला. त्यालाही मनातून लागले असावे. पुढे तालुक्याहून कळले की नाव बसत नाही, कारण त्या जागेवरचे घर पाडल्याची नोंद आधीच आहे. ज्यांनी जुन्या फोटोत ते घर आपले म्हणून दाखवले, त्यांनी ते आपले नव्हते असे लिहून द्यावे, मंग पाहू, असे सांगितले. भुजंगने हे मला आणि आक्काला एकाच वेळी, माझ्या ओट्यावर बसून सांगितले. आक्का गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "काकू, लिहून दिलं तर तुमच्या घराची वसुली निघू शकती. बघा बाप्पा, मी काय बोललो न्हाई."

आक्का त्यानंतर दोनदा माझ्याकडे आल्या. पहिल्यांदा मृगात. चहा घेतला, नातीला मांडीवर घेतले, आणि उठता उठता म्हणाल्या, "गिरिजे, तेवढं दोन ओळी लिहून देती का?" मी म्हणाले, सोयाबीनची पेरणी होऊ द्या. दुसऱ्यांदा पोळ्याच्या आधी आल्या. म्हणाल्या, "मागची भिंत फुगून राह्यली गं. रात्री माती झडती. यांना दिसत न्हाई, पण ऐकू येतं." मी म्हणाले, राजानंदला विचारते. मी राजानंदला विचारले नाही. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर शेतातल्या गोष्टी बोलायच्या, त्या विषयाचा शब्द काढला नाही. मला बरे वाटले. हे पण लिहा साहेब, मला बरे वाटले होते.

घटनेच्या दिवशी आक्काला शवविच्छेदनाहून गावात आणायच्या आधीच, दुपारी, आमच्या घरात त्या नऊ घरची माणसे जमली. घर होते म्हटले तर जुने फोटो उघडे पडतील आणि नऊ जणांची घरे जातील, असे बोलणे झाले. कोणी म्हणाले, ती गेली ती काय परत येणार, जित्यांचा विचार करा. गोठा म्हणायचे ठरले. आवाज ऐकून आधी पळत गेलेली साक्षीदार मी, म्हणून मी सांगायचे ठरले. ही बैठक माझ्या स्लॅबखाली झाली, चहा मी केला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात ना, ती मी. आक्काच्या घराचे वासे आम्ही नऊ जणींनी मोजले आणि आपापल्या घराला लावले.

बुधवारी तलाठी आप्पांनी पुंजाराम भाऊच्या मदतीचा कागद करायला घेतला. त्यांना जुन्या नोंदीवरून कळले की त्या जागेवर घरच नाही. वरून माझा जबाब गोठ्याचा. ते म्हणाले, राहते घर पडल्याची मदत यात बसवता येत नाही. घरकुलही बसत नाही. म्हणजे पुंजाराम भाऊला बायकोही नाही, घरही नाही, आणि घर कधी होते असा कागदही नाही.

काल गुरुवारी मी जालन्याला सरकारी दवाखान्यात त्यांना बघायला गेल्ते. पायाला सळई टाकली आहे. डॉक्टर आठ दिवसांनी सोडणार. सोडल्यावर कुठे जाणार हे त्यांनी विचारले नाही. मला वाटले होते भाऊ मला शिव्या देतील. त्यांना सगळे माहीत आहे, आक्का त्यांच्यापासून काही लपवत नव्हत्या. मी आवाज दिला तसा त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, "गिरिजे, एवढी झड लागली, तुझं घर तर गळत न्हाई ना?"

मी न्हाई म्हणाले. खरेच गळत नाही. मी पायऱ्यांवर येऊन खूप रडले आणि तिथूनच ठरवले.

काल रात्री शेजारणीचा मोबाईल घेऊन टेकाडावरून मुलाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आई, पागल झालीस काय? घर गेलं तर लेकराला घिऊन कुठं जायचं?" बराबर आहे त्याचे. मालकाला सांगितले असते तर त्यांनी मला जीपमध्ये बसू दिले नसते, म्हणून दळणाला जाते असे सांगून निघाले. दळणाचा डबा इथे बाहेर ठेवला आहे.

या जबाबामुळे माझ्या घरकुलाच्या रकमेची वसुली होऊ शकते आणि खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे मला आपण समजावून सांगितले. मला ते समजले आहे. इतर आठ जणींची नावे विचारली असता मी ती सांगत नाही. त्यांनी त्यांचे सांगावे. पहिला फोटो माझा होता आणि घर पाडल्याचा कागद माझा आहे, तेवढे मी सांगते. भिंत कशामुळे पडली हे विचाराल तर पावसामुळे पडली. आक्का तिच्याखाली कशामुळे होत्या, हे विचाराल तर माझ्यामुळे होत्या. मला शिक्षा काय व्हायची ती होवो, पुंजाराम भाऊच्या कागदावर त्यांचे घर होते एवढे यावे, बाकी माझी काही मागणी नाही.

जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी "गोठासदृश जुने बांधकाम" असे लिहिलेले आले, तिथे मी थांबवले. ते म्हणाले, बाई, मागच्या कागदाशी जुळावे म्हणून तसे लिहिले. मी म्हणाले, मागचा कागदच खोटा आहे, त्याच्याशी कशाला जुळवता. ते खोडून तिथे "राहते घर" असे लिहिले. खाडाखोड केली तर तिथेही सही किंवा अंगठा लागतो, असे मला सांगितले. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे.

खाडाखोडीच्या ठिकाणी आणि शेवटी, दोन्हीकडे अंगठा दिला आहे. ते घर पाडल्याच्या कागदावर दिला होता, तोच हा अंगठा.

अंगठा, गिरिजाबाई भ्र. तातेराव हिवाळे
समक्ष, पोलीस हवालदार