बिनबिलाची बंदूक

(गुंगालिन, कॅनबेरा. दुपारचे पावणेचार. सुखदा आणि तिचा नवरा गुरुदत्त स्वयंपाकघरात आहेत. आठ महिन्यांची सावनी शेजारच्या खोलीत नुकतीच झोपली आहे.)

सुखदा: हळू बोल. चाळीस मिनिटं थोपटल्यावर झोपलीये. आणि आता नीट सांग, चार वाजता आपल्याकडे पोलीस का येतायत?

गुरुदत्त: रेडबिड नाहीये गं. एक सार्जंट बाई येणारेत. फोनवर फार छान बोलल्या. दोनदा ‘नो वरीज’ म्हणाल्या.

सुखदा: पोलीस दोनदा नो वरीज म्हणाले की माझी वरी तिथूनच सुरू होते. काय केलंस?

गुरुदत्त: ती नेमबाजीची एअर रायफल घेत होतो ना. लायसन्स आहे, खरेदीचा परवाना आलाय, तिजोरी बसवलीये. सगळं कायद्यात. इथे मिळेना, म्हणून क्वीन्सलंडच्या एका दुकानदाराला ईमेल केली.

सुखदा: ईमेलमध्ये काय लिहिलंस?

गुरुदत्त: आधी विचारलं, तुम्ही त्या राज्यातले, आम्ही या, तर टॅक्स कुणाचा लागणार? त्याने लिहिलं, मेट, जीएसटी देशभर एकच, दहा टक्के, किमतीत धरलाय.

सुखदा: बरं. एवढ्यावर कुणी पोलीस पाठवत नाही.

गुरुदत्त: मग मी विचारलं... विदाउट बिल कितीला पडेल.

सुखदा: बंदूक.

गुरुदत्त: एअर रायफल.

सुखदा: तू परराज्यातल्या बंदुकवाल्याला लेखी विचारलंस, की पावती न करता बंदूक कितीला देशील. आणि खाली सही?

गुरुदत्त: ऑफिसची सिग्नेचर गेली. आपोआप. हुद्द्यासकट.

सुखदा: वा. म्हणजे चोर घरफोडी करून जाताना व्हिजिटिंग कार्ड ठेवून गेला.

गुरुदत्त: त्याने ती ईमेल सरळ पोलिसांकडे पाठवली. अगं, तशी घ्यायची नव्हतीच मला. ते नुसतं विचारायचं असतं. पुण्यात तपकीर गल्लीत बाबा पंखा घ्यायला गेले की दुकानदारच आधी विचारायचा, पक्कं बिल करू की कच्चं? न विचारता पैसे मोजले तर माणूस गिऱ्हाईक नाही, बकरा.

सुखदा: पंख्याने कुणाला गोळी लागत नाही, गुरू.

गुरुदत्त: छर्रा. एअर रायफलला छर्रा असतो.

सुखदा: हे त्या सार्जंटबाईंना सांगू नकोस.

गुरुदत्त: लायसन्स काढून घेतील का गं? एनसीसीत चार पोरांत मिळून एक रायफल असायची. माझी पाळी येईपर्यंत उजेड संपायचा. तेव्हापासून स्वतःची हवी होती. आणि दर खंडेनवमीला पाटावर काय मांडतो आपण? बाबांची पकड आणि तुझा लॅपटॉप. म्हटलं, यंदा एक तरी खरं शस्त्र असू दे.

सुखदा: यंदा पाटावर पुरावा मांडू. बस इथे. दहा मिनिटं आहेत. मी सार्जंट. मिस्टर गुरुदत्त, तुम्हाला पावती का नको होती?

गुरुदत्त: मॅडम, इट्स अवर कल्चर.

सुखदा: मेलास. अख्ख्या पुण्याला आत घालशील. परत.

गुरुदत्त: चुकलं माझं. दहा टक्के सुटतात का बघत होतो. पावती नसली की ती वस्तू कुणाच्या घरी गेली हे कुणालाच कळणार नाही, हे डोक्यात आलंच नाही.

सुखदा: हं. हे बरंय. खरं वाटतं.

गुरुदत्त: खरंच आहे.

सुखदा: तिजोरीची किल्ली कुठे असते?

गुरुदत्त: देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. वातींच्या डब्यामागे.

सुखदा: म्हणजे राखण गणपतीकडे. घरात आणखी कोण असतं?

गुरुदत्त: बायको. आणि मुलगी, आठ महिन्यांची. रांगते. काल पहिल्यांदा उभी राहिली.

सुखदा: काय?

गुरुदत्त: देव्हाऱ्याला धरून. एका हाताने धरलं, दुसऱ्याने खण ओढला.

सुखदा: सावनी उभी राहिली? मला नाही बोललास.

गुरुदत्त: तू सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होतीस. हातात तिचा एक मोजा. उठवावंसं वाटेना. आणि मग... किल्ली तिच्या मुठीत होती, सुखदा. तोंडात घालायला निघाली होती. मी सोडवायला गेलो तर किल्ली टाकली आणि माझं बोट धरून ठेवलं. म्हणून कुणालाच काही बोललो नाही.

सुखदा: आता हे सार्जंट विचारत नाहीये, मी विचारतेय. रायफल कुठे राहणार?

गुरुदत्त: नेमबाजीच्या क्लबच्या तिजोरीत. सकाळीच विचारून घेतलं, वर्षाचं भाडं घेतात. लायसन्स राहिलं तर तिकडे. गेलं तर प्रश्नच मिटला. किल्लीचं मात्र सार्जंटबाईंना मी स्वतःच सांगणार आहे. त्यांनी विचारलं नाही तरी.

सुखदा: तेही सांगणार?

गुरुदत्त: तेही.

सुखदा: आणि भाड्याची पावती?

गुरुदत्त: पक्की. छापील. टॅक्ससकट... बाहेर गाडी थांबली बघ. आल्या वाटतं.

सुखदा: येऊ देत. बेल वाजेपर्यंत वेळ आहे. उभी राहिली तेव्हा बघत कुणाकडे होती?

गुरुदत्त: तुझ्याकडे.